वाक्य उलगडणारं यंत्र, वाक्य उलगडणारं मन

सुमननं रवीला नंदूला पत्र लिहायला सांगायला पाठवलं.

या वाक्यात व्याकरणाची एकही चूक नाही. तरीही बहुतेकांना ते दुसऱ्यांदा वाचावं लागतं. पत्र लिहायचंय नंदूनं, तसं त्याला सांगायचंय रवीनं आणि रवीला पाठवलंय सुमननं. तीन माणसं आधी ओळीनं येऊन उभी राहतात, त्यांची क्रियापदं मागून येतात आणि ती उलट्या क्रमानं जुळवावी लागतात. शेवटच्या माणसाचं क्रियापद आधी, पहिल्या माणसाचं अगदी शेवटी. ‘सुमननं रवीला पत्र लिहायला सांगितलं’ हे दोन माणसांचं वाक्य आपण न थांबता वाचतो. तिसरा माणूस आला की मात्र अडखळतो.

जर्मन भाषेतल्या काही गौण वाक्यांची ठेवण अशीच असते. शेजारच्या डच भाषेतही अशा ठिकाणी क्रियापदं शेवटीच येतात, पण ती सरळ क्रमानं: पहिल्या माणसाचं पहिलं, दुसऱ्याचं दुसरं, तिसऱ्याचं तिसरं. मराठीत तशी नक्कल करायची तर ‘सुमननं रवीला नंदूला पत्र पाठवलं सांगायला लिहायला’ असं काहीतरी म्हणावं लागेल आणि आपल्या कानाला ते खपणार नाही. प्रत्येक माणसापासून त्याच्या क्रियापदापर्यंत कागदावर कमान काढून पाहा. जर्मन आणि मराठी वाक्यात कमानी एकीच्या पोटात एक बसतात. डच वाक्यात त्या एकमेकींना छेदतात.

या दोहोंतलं कोणतं वाक्य माणसाच्या मनाला सोपं जातं? एमन बाख, कॉलिन ब्राउन आणि विल्यम मार्सलेन-विल्सन या तिघांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नेमकं हेच तपासलं. जर्मन भाषकांपुढे जर्मन वाक्यं ठेवली, डच भाषकांपुढे डच. वाक्य किती सहज समजलं ते विचारलं, शिवाय खरंच समजलं का हे पडताळणारे प्रश्नही विचारले. दोन क्रियापदांपर्यंत दोन्ही गटांत फरक दिसला नाही. तिसरं क्रियापद आलं आणि जर्मन भाषक मागे पडले. छेदणाऱ्या कमानींची डच रचना माणसांना जास्त सोपी जात होती.

हे निष्कर्ष अनपेक्षित होते आणि त्याचं कारण मानसशास्त्रात नाही, संगणकशास्त्रात आहे. वाक्याची फोड करणाऱ्या प्रोग्रॅमचं सर्वांत परिचित साधन म्हणजे स्टॅक. लग्नाच्या पंगतीसाठी ताटांची चळत रचतात तशी ही रचना असते. शेवटी ठेवलेलं ताट आधी उचलायचं, तळातलं सगळ्यात शेवटी. सुमन, रवी, नंदू ही नावं या क्रमानं चळतीवर ठेवली तर पहिल्या क्रियापदाला वरचा नंदू मिळतो, दुसऱ्याला रवी, तिसऱ्याला सुमन. म्हणजे जर्मन आणि मराठी वाक्य अशा यंत्राला अगदी सहज सुटतं. डच वाक्यात पहिल्याच क्रियापदाला तळातली सुमन हवी असते आणि वरची ताटं न हलवता ती काढता येत नाही. यंत्र म्हणतं डच अवघड, माणूस म्हणतो जर्मन अवघड. मग माणसाच्या डोक्यात साधी चळत नाही हे उघड आहे. तर काय आहे?

या प्रश्नाचं एक अत्यंत सुंदर उत्तर १९९० साली एका शोधनिबंधातून आलं. त्याचे लेखक होते पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले प्राध्यापक अरविंद जोशी. त्यांचा जन्म पुण्याचा, १९२९ सालचा. इंजिनिअरिंगची पदवी त्यांनी पुण्याच्याच इंजिनिअरिंग कॉलेजातून घेतली होती.

जोशींनी साध्या चळतीच्या जागी चळतींची चळत वापरणारं यंत्र मांडलं. त्यात एका चळतीच्या वरखाली नव्या छोट्या चळती घालता येतात. या यंत्राला दोन्ही भाषांची वाक्यं सुटतात. पण नुसतं सुटणं जोशींना पुरेसं वाटत नव्हतं. वाक्य सुटेपर्यंत यंत्राला किती गोष्टी, किती वेळ, अर्थ न लावता धरून ठेवाव्या लागतात, याचं त्यांनी माप काढलं. त्या मापानं डच रचना हलकी ठरली, जर्मन जड. माणसांच्या प्रयोगात जे दिसलं होतं, त्याच्याशी गणित जुळलं.

आता हा निबंध कोणत्या विषयात टाकायचा? त्यात भाषाविज्ञान आहे, ऑटोमेटा सिद्धान्ताचं गणित आहे आणि माणसांवर केलेल्या प्रयोगाचा आधार आहे. यातलं एक काढून घेतलं तर बाकीचं उभं राहत नाही. संगणकीय भाषाविज्ञान आणि कॉग्निटिव्ह सायन्स या दोन विषयांचं पदव्युत्तर शिक्षण जगभर बऱ्याच ठिकाणी एकत्र किंवा लागून का दिलं जातं, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. पहिला विषय भाषेचे नियम आणि सवयी यंत्राला कळतील इतक्या नेमकेपणानं मांडतो. दुसरा माणसाचं मन कसं शिकतं, लक्षात ठेवतं, अर्थ लावतं हे शोधतो. जोशींचं आयुष्य या दोहोंच्या सीमेवर गेलं आणि त्या सीमेवर शिकणं म्हणजे काय हे त्यांच्या वाटचालीतून फार चांगलं कळतं.

ते पेनसिल्व्हेनियात पोचले ते भाषेसाठी नव्हे. बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकून, अमेरिकेत आरसीए कंपनीत इंजिनिअर म्हणून काम करून ते विद्यापीठात इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची पुढची पदवी घेत होते. १९६० साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. पण त्याच सुमारास त्याच विद्यापीठात झेलिग हॅरिस हे भाषाशास्त्रज्ञ एक प्रकल्प चालवत होते आणि जोशी त्यात ओढले गेले. हॅरिस म्हणजे नोम चॉम्स्कींचे गुरू. इंग्रजी वाक्याची व्याकरणिक फोड करणारा प्रोग्रॅम तयार करायचा, असा तो प्रकल्प होता. १९५८-५९ मध्ये तो युनिव्हॅक संगणकावर तयार झाला. त्या संगणकाच्या स्मृतीत प्रत्येकी १२ अक्षरांचे १,००० शब्द मावत. तुम्ही वाचताय तो लेखसुद्धा त्यात पुरता बसला नसता. एवढ्याशा जागेत त्या मंडळींनी वाक्यावरून टप्प्याटप्प्यानं अनेक फेऱ्या मारणारी पद्धत बसवली. आधी नामपदं ओळखायची, मग त्यांना चिकटलेले तुकडे, मग क्रियापदांभोवतीची रचना. १९९० च्या दशकात जोशींनी जुन्या कागदपत्रांवरून हा प्रोग्रॅम पुन्हा उभा केला, तेव्हा त्यातल्या अनेक कल्पना पुढे इतरांनी नव्यानं शोधल्याचं दिसून आलं.

त्याच काळात अमेरिकेत यांत्रिक भाषांतराचा मोठा गाजावाजा होता. जानेवारी १९५४ मध्ये जॉर्जटाउन विद्यापीठ आणि आयबीएम यांनी साठहून अधिक रशियन वाक्यांचं इंग्रजी भाषांतर संगणकाकडून करून दाखवलं होतं. त्यामागे २५० शब्दांचा कोश आणि ६ नियम होते. काही वर्षांत यंत्रं सर्रास भाषांतर करू लागतील, अशी भाकितं झाली. १९६६ साली सरकारी समितीचा अहवाल आला, त्यानं या भाकितांतली हवा काढली आणि निधी आटला. त्या पडझडीतून जे टिकलं ते भाषेकडे मुळातून पाहणारं संशोधन. मला वाटतं, आजच्या विद्यार्थ्यांनी हा इतिहास मुद्दाम वाचावा. कारण गाजावाजाच्या काळात या क्षेत्रात येणाऱ्याला टिकाऊ काय आणि क्षणिक काय हे ओळखायला दुसरा शिक्षक नाही.

जोशींचं सर्वांत प्रसिद्ध काम १९७५ सालचं. लिऑन लेव्ही आणि मासाको ताकाहाशी यांच्यासह त्यांनी वृक्षांवर आधारलेलं एक व्याकरण मांडलं. इंग्रजीत त्याला ट्री अ‍ॅडजॉइनिंग ग्रामर म्हणतात. चॉम्स्कींनी १९५० च्या दशकात व्याकरणांची ताकदीनुसार उतरंड लावली होती. त्यातली साधी व्याकरणं काही मानवी रचनांना अपुरी पडतात. ताकदवान व्याकरणं सगळं सांभाळतात, पण इतकं सगळं सांभाळतात की मानवी भाषेत कधीच न सापडणाऱ्या रचनाही त्यांना चालतात. शिवाय त्यांची फोड करायला यंत्राला अवाच्या सवा वेळ लागू शकतो. जोशींनी विचारलं, मानवी भाषेला नेमकी किती ताकद पुरते?

त्यांच्या व्याकरणात मूळ घटक शब्द किंवा नियम नसून छोटे वृक्ष असतात. एका क्रियापदाचा वृक्ष त्याला लागणारा कर्ता आणि कर्म सोबत घेऊनच येतो. मग हा वृक्ष मध्येच उघडून त्यात दुसरा वृक्ष घालता येतो. ‘कोणतं पुस्तक रवीनं वाचलं असेल?’ या प्रश्नात ‘कोणतं पुस्तक’ आणि ‘वाचलं’ यांचं नातं घट्ट आहे. आता ‘कोणतं पुस्तक तुला वाटतं रवीनं वाचलं असेल?’ असं म्हटलं की ते दोघं दूर गेले, पण नातं तसंच राहिलं. जोशींच्या व्याकरणात हे नातं मूळच्या एकाच वृक्षात नोंदलेलं असतं, ‘तुला वाटतं’ हा तुकडा नंतर मधे घातला जातो. अंतर वाढतं, नातं तुटत नाही. साध्या व्याकरणापेक्षा ताकद थोडीशीच वाढली, पण डच भाषेच्या छेदणाऱ्या कमानी तिच्या आवाक्यात आल्या. वेळेचा हिशोबही आवाक्यातच राहिला. वाक्याची लांबी दुप्पट झाली तर साध्या व्याकरणाच्या नेहमीच्या पद्धतीला फार तर ८ पट काम पडतं, या व्याकरणाला ६४ पट. ६४ पट हे पुष्कळ झालं, पण त्याला बांध आहे. ‘मानवी भाषेला एवढीच, थोडीशी जास्त ताकद लागते’ हे जोशींचं १९८५ मधलं प्रतिपादन आजही चर्चेत आहे. मानवी मनाच्या मर्यादेविषयीचं हे विधान गणिताच्या भाषेत केलं गेलं, म्हणून ते तपासता आलं. मन, आकलन, बुद्धी या शब्दांभोवती सैल बोलणं फार सोपं असतं, आणि ते टाळायला शिकवणं हे या विषयाचं पहिलं देणं आहे.

या व्याकरणाचा पुण्याशी पुन्हा संबंध आला. सी-डॅक या पुण्यातल्या संस्थेनं सरकारी कागदपत्रांच्या इंग्रजी-हिंदी भाषांतरासाठी ‘मंत्र’ ही प्रणाली विकसित केली, तिचा पाया जोशींच्या वृक्षव्याकरणाचा होता.

मराठीशी त्यांचा याहून थेट संबंध आहे आणि तो मराठी वाचकांना फारसा ठाऊक नाही. १९८२ साली प्रागच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत त्यांनी एकाच वाक्यात दोन भाषा मिसळण्याविषयी निबंध वाचला. त्यातली उदाहरणं मराठी-इंग्रजी सरमिसळीची होती. त्या काळी अशा बोलण्याकडे भाषेची घसरण म्हणून पाहिलं जाई. जोशींनी त्यात नियम शोधले. आपण ‘मी ती फाइल टेबलवर ठेवली’ असं म्हणतो. ‘मी ती फाइल ऑन टेबल ठेवली’ असं कुणीच म्हणत नाही, इंग्रजी शाळेत शिकलेलं मूलसुद्धा नाही. नामं, विशेषणं, क्रियाधातू इंग्रजीतून सहज येतात. प्रत्यय, शब्दयोगी अव्ययं, सहायक क्रियापदं असे वाक्य बांधणारे छोटे शब्द मात्र मराठीचेच राहतात. शिवाय दिशा एकच असते: चौकट मराठीची, भर इंग्रजीची. दोन व्याकरणं एकमेकांना कशी वाट देतात, याचा आराखडा या निरीक्षणातून त्यांनी मांडला. आज व्हॉट्सअ‍ॅपवरची मिसळलेली मराठी संगणकाला कशी समजवावी, यावर काम करणाऱ्या विद्यार्थ्याची सुरुवात या निबंधापासून व्हायला हवी.

हॅरिस यांच्या त्या प्रकल्पात आणखी एक तरुण संशोधक होती, लीला ग्लाइटमन. ती पुढे मानसशास्त्राकडे वळली. मुलं भाषा कशी शिकतात, विशेषतः क्रियापदांचे अर्थ त्यांना कसे उमगतात, हा तिच्या आयुष्याचा विषय झाला. तिनं बार्बरा लँडो यांच्यासोबत १९८५ साली प्रसिद्ध केलेलं अंध मुलांवरचं काम मला या संपूर्ण क्षेत्रातल्या सर्वांत हृद्य कामांपैकी एक वाटतं. एका जन्मांध चिमुरडीला ‘वर बघ’ असं सांगितलं की ती हात वर करून हवा चाचपडायची. डोळे बांधलेली डोळस मुलं मात्र त्याच सूचनेवर मान वर करायची. त्या मुलीसाठी ‘बघणं’ म्हणजे हातानं शोधणं होतं. न पाहता पाहण्याचं क्रियापद ती शिकली होती आणि तिच्या जगात त्याचा अर्थ पक्का होता. हा अर्थ आला कुठून? ग्लाइटमन म्हणाली, बराचसा वाक्यांच्या रचनेतून. क्रियापद कोणत्या साच्यात वापरलं जातं, सोबत काय येतं, काय येत नाही, यातून मूल अर्थाचा माग काढतं.

१९९९ साली तिनं आणि सहकाऱ्यांनी याची आणखी एक चाचणी प्रसिद्ध केली. आया लहान मुलांशी बोलताना घेतलेली चित्रफीत प्रौढांना आवाज बंद करून दाखवली. आईनं ज्या क्षणी एखादा शब्द उच्चारला त्या क्षणी फक्त ‘बीप’ वाजे. तो शब्द कोणता, हे ओळखायचं. नामं लोकांना बऱ्यापैकी ओळखता आली, क्रियापदं फारच कमी. वाक्याचा साचा दिल्यावर मात्र क्रियापदांचे अंदाज एकदम सुधारले. पुरती भाषा येणाऱ्या प्रौढांनाही नुसतं जग पाहून ‘देणं’ आणि ‘घेणं’ वेगळं काढता येत नाही.

आता या धाग्याचं दुसरं टोक पाहा. शब्दाचा अर्थ त्याच्या शेजाऱ्यांत दडलेला असतो, हा विचार हॅरिस यांनी १९५४ सालीच मांडला होता. अर्थांत जितका फरक तितका त्या शब्दांच्या आजूबाजूच्या शब्दांत फरक, असं त्यांचं म्हणणं होतं. २०१३ साली गूगलमधल्या संशोधकांनी वर्ड-टू-व्हेक नावाची पद्धत प्रसिद्ध केली. तिनं प्रत्येक शब्दाला त्याच्या शेजारावरून आकड्यांची एक ओळ दिली आणि सारख्या अर्थाचे शब्द जवळजवळ येऊन बसले. २०१७ साली ट्रान्सफॉर्मर ही रचना आली आणि आजची संभाषण करणारी महाकाय मॉडेलं तिच्यावर उभी आहेत. शेजाऱ्यांवरून शब्द ओळखणं हाच त्यांच्या प्रशिक्षणाचा पाया आहे. हॅरिस यांच्या एका कल्पनेची एक फांदी त्यांची विद्यार्थिनी ग्लाइटमन हिच्यामार्फत अंध मुलीपर्यंत गेली, दुसरी आपल्या फोनमधल्या यंत्रापर्यंत आली.

जोशी आणि ग्लाइटमन यांनी मिळून पेनसिल्व्हेनियात इन्स्टिट्यूट फॉर रिसर्च इन कॉग्निटिव्ह सायन्स उभी केली आणि एकत्र चालवली. भाषाविज्ञान, संगणकशास्त्र, मानसशास्त्र, तत्त्वज्ञान अशा वेगवेगळ्या विभागांचे विद्यार्थी तिथे एकत्र येत. २००२ साली संगणकीय भाषाविज्ञानाच्या जागतिक संघटनेनं जीवनगौरव पुरस्कार सुरू केला, त्याचे पहिले मानकरी जोशी होते. पुढच्याच वर्षी त्यांना कॉग्निटिव्ह सायन्समधला रूमेलहार्ट पुरस्कार मिळाला. दोन्ही विषयांनी त्यांना आपलं मानलं. ३१ डिसेंबर २०१७ रोजी ते वारले, तेव्हा इंग्रजी आणि मराठी वृत्तपत्रांत मिळून त्यांच्यावर जेवढं यायला हवं होतं त्याच्या मानानं फारच थोडं आलं.

आजचा विद्यार्थी या विषयात एमए, एमएस्सी किंवा संशोधनाधारित एमएस करतो तेव्हा रोज काय करतो? त्याचा बराच वेळ आकड्यांत जातो. संभाव्यता, सांख्यिकी, प्रोग्रॅमिंग यांना पर्याय नाही. भाषाविज्ञानातून आलेल्यांनी त्याची धास्ती घेऊ नये. पदवीपर्यंतचं गणित नीट पक्कं केलं तर हे जमतं. उलट इंजिनिअरिंगकडून आलेल्यांची अडचण वेगळी असते आणि माझ्या मते ती जास्त गंभीर आहे. भाषा आपण बोलतोच, तिचं काय शिकायचं, अशी त्यांची समजूत असते. ‘मी पोळी खाल्ली’ या वाक्यात क्रियापद खाणाऱ्याप्रमाणे का बदलत नाही, पोळीप्रमाणे का बदलतं? पुरुषानं म्हटलं तरी ‘खाल्ली’च. ‘त्यानं खाल्ली’ यात कर्त्याला ‘नं’ लागतो, ‘मी’ला का लागत नाही? या प्रश्नांवर आठवडाभर बसण्याची तयारी नसेल, तर मॉडेल कुठे आणि का चुकतंय हे त्याला कधीच दिसणार नाही.

प्रयोगशाळेतलं काम संथ आणि चिकाटीचं असतं. वाक्य एकेक शब्दानं पडद्यावर आणायचं, वाचणारा दर शब्दाला कळ दाबतो आणि कोणत्या शब्दावर किती मिलिसेकंद लागले ते नोंदलं जातं. डोळ्यांचा माग घेणाऱ्या उपकरणानं नजर कुठे थबकली, कुठे मागे वळली हे कळतं. डोक्यावर इलेक्ट्रोड लावून मेंदूतल्या विजेच्या लहरी मोजतात. मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांनी १९८० साली दाखवलं की वाक्यात अर्थाला न शोभणारा शब्द आला की साधारण ४०० मिलिसेकंदांनी मेंदूत एक ठरावीक लहर उमटते. ‘आईनं गरम पोळीवर तुपाऐवजी मोजे वाढले’ यातल्या ‘मोजे’वर ती उमटेल. आता याला संगणकाची जोड मिळाली आहे. आधीच्या शब्दांवरून पुढचा शब्द किती अनपेक्षित होता, हे भाषेचं मॉडेल आकड्यात सांगतं. जॉन हेल यांनी २००१ साली आणि रॉजर लेव्ही यांनी २००८ साली मांडलेला विचार असा, की हा आकडा जितका मोठा तितका माणसाला वाचायला वेळ जास्त. इंग्रजीत तो बऱ्याच अंशी खरा ठरला आहे. पण क्रियापद शेवटी येणाऱ्या भाषांत चित्र अधिक गुंतागुंतीचं आहे. श्रवण वसिष्ठ यांचं डॉक्टरेटचं काम हिंदीतल्या एकात एक गुंतलेल्या वाक्यांवर होतं. आज ते जर्मनीत पोट्सडॅम विद्यापीठात प्राध्यापक आहेत. दिल्लीच्या आयआयटीत समर हुसेन हिंदी वाचनावर प्रयोग करतात. मराठी ही हिंदीसारखीच क्रियापद शेवटी ठेवणारी भाषा, पण तिला तीन लिंगं आहेत आणि तिचा प्रत्ययांचा कारभार निराळा आहे. हिंदीवरून काढलेला निष्कर्ष मराठीला लागू पडेलच असं गृहीत धरता येत नाही.

परदेशी जायचं तर एडिंबरा, पोट्सडॅम, जर्मनीतलंच सारलँड, इटलीतलं ट्रेंटो ही या दोन्ही विषयांची जुनी नावं आहेत. युरोपातल्या काही विद्यापीठांनी मिळून चालवलेला, दोन वर्षं दोन देशांत शिकवणारा अभ्यासक्रमही आहे. भारतातही पर्याय आहेत. हैदराबादच्या आयआयआयटीत संगणकीय भाषाविज्ञानात संशोधनाधारित एमएस करता येतं आणि बारावीनंतर पाच वर्षांत बीटेकसोबत ही पदवी देणारा अभ्यासक्रमही तिथे आहे. अलाहाबाद विद्यापीठात २००२ पासून कॉग्निटिव्ह सायन्सचं स्वतंत्र केंद्र आहे, कानपूर आणि गांधीनगर इथल्या आयआयटींतही हा विषय शिकता येतो. मुंबईच्या आयआयटीत पुष्पक भट्टाचार्य यांच्या नेतृत्वाखाली भारतीय भाषांसाठीचं केंद्र उभं राहिलं. मराठी वर्डनेट म्हणजे मराठी शब्दांच्या अर्थसंबंधांचं जाळं तिथेच विणलं गेलं. वाचकाच्या डोळ्यांच्या हालचालींवरून वाक्य किती अवघड आहे हे ठरवण्याचं कामही तिथे झालं आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भाषाविज्ञानाचं पदव्युत्तर शिक्षण कितीतरी दशकांपासून चालू आहे. अशोक केळकरांसारखा भाषाशास्त्रज्ञ तिथे शिकवत होता. व्याकरणाची पक्की तयारी करायची तर महाराष्ट्रात आजही तोच दरवाजा आधी ठोठावावा. अभ्यासक्रमांची नावं आणि प्रवेशपरीक्षा बदलत राहतात, म्हणून त्या त्या वर्षीची माहितीपत्रकं स्वतः पाहावीत.

हैदराबादचा उल्लेख केला तर पाणिनीचा करायलाच हवा. तिथल्या भाषासंशोधनाशी जोडलेल्या राजीव संगल, विनीत चैतन्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय भाषांच्या फोडीसाठी पाश्चात्त्य साचे जसेच्या तसे न घेता पाणिनीच्या कारकांचा आधार घेतला. १९९५ साली त्यांचं या विषयावरचं पुस्तक आलं. कर्ता, कर्म, करण, संप्रदान ही नाती शब्दांच्या क्रमावर अवलंबून नसतात, म्हणून शब्द इकडेतिकडे फिरणाऱ्या आपल्या भाषांना ती चपखल बसतात. या पद्धतीनं हिंदीची हजारो वाक्यं माणसांनी हातानं फोडून, खुणा करून ठेवली. अशा संग्रहाला ट्रीबँक म्हणतात. हे काम कंटाळवाणं असतं. एकच वाक्य दोघांनी स्वतंत्रपणे फोडायचं, मतभेद मोजायचे, वाद घालायचा, नियम पुन्हा लिहायचा. पण संगणकीय भाषाविज्ञानातली कितीतरी प्रगती या कामावर उभी आहे. मॉडेल भाषेत पास झालं की नापास, हे ठरवणारी मोजपट्टी शेवटी माणसानंच केलेली असते.

एखाद्याला वाटेल, महाकाय मॉडेलं मराठी बोलू लागली, आता हे सगळं कशाला? दहा-बारा वर्षांचं मूल जेमतेम दहा कोटी शब्दांच्या आत ऐकून आपली भाषा पूर्ण आत्मसात करतं. मोठ्या मॉडेलांना लाखो कोटी शब्द भरवावे लागतात. ही तफावत का, हा या घडीचा सर्वांत मोठा प्रश्न आहे. म्हणूनच २०२३ पासून संशोधक एक आंतरराष्ट्रीय स्पर्धा घेतात, तिच्यात मॉडेलाला एक कोटी किंवा दहा कोटी शब्दांतच शिकवायचं असतं. हा प्रश्न यंत्राचा आहे तितकाच मुलाचा आहे. जोशी आणि ग्लाइटमन यांनी शेजारी बसून विचारलेला प्रश्नच आज नव्या रूपात समोर आला आहे. त्याचं उत्तर केवळ इंग्रजीवरून मिळणार नाही.

जगातल्या भाषांच्या ट्रीबँका एकाच पद्धतीनं जमवणारा युनिव्हर्सल डिपेन्डन्सीज नावाचा एक खुला संग्रह आहे. त्यातल्या मुख्य हिंदी ट्रीबँकेत साडेसोळा हजारांहून अधिक वाक्यं आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार मराठी ही ८ कोटी ३० लाख लोकांची मातृभाषा. तिची या संग्रहात आलेली पहिली ट्रीबँक पाचशेहूनही कमी वाक्यांची आहे आणि तीही प्रागमधल्या चार्ल्स विद्यापीठाच्या संस्थेच्या नावानं नोंदलेली आहे. मराठी, भाषाविज्ञान, मानसशास्त्र किंवा संगणक यांपैकी काहीही शिकणारा विद्यार्थी हे वाचत असेल, तर त्यानं आपल्या प्रबंधासाठी विषय शोधत फिरू नये. मराठीची पाच हजार वाक्यं नीट फोडून, तपासून, सर्वांसाठी खुली करावीत. हे काम दोन-तीन विद्यार्थ्यांना एका पदवीच्या काळात जमण्यासारखं आहे.